गगनाचा थाळ, तुपाचे दिवे

आरतीच्या एकाच ताटाबद्दल दोन माणसं पाच मिनिटांच्या आत दोन टोकांचं बोलली आणि मी नेमकी दोघांच्या मधे उभी होते. नांदेडचा गुरुद्वारा, दिवेलागणीची वेळ. रहिरासचा, म्हणजे संध्याकाळच्या प्रार्थनेचा, पाठ संपून आरती सुरू झालेली. नगारा इतका जवळ वाजत होता की तो कानांपेक्षा छातीतच जास्त ऐकू येत होता. दिवसभर तापलेला संगमरवर पायाखाली अजून कोमट होता आणि तुपाच्या वाती, उदबत्ती, माणसांचा घाम असा सगळ्यांचा मिळून एक वास पसरला होता. माझ्या उजवीकडे काका. पुण्याहून आलेले, पट्टीचे वारकरी, गळ्यात तुळशीची माळ आणि डोक्याला दारात मिळालेला केशरी रुमाल, जो सारखा सुटत होता. ते माझ्या कानाशी वाकले. "बघ, ताट, वाती, ओवाळणं. सगळं आपलंच आहे की गं. उगाच वेगळा धर्म, वेगळा धर्म करतात." मी नुसतं हं म्हणाले. तेवढ्यात डावीकडचा विशीतला मुलगा, निळी पगडी, खांद्याला सॅक, आपल्या मित्राला हळूच म्हणाला, "एह तां मनमत है." मनमत म्हणजे गुरूची शिकवण बाजूला ठेवून माणसांनी आपल्या मनानं काढलेली रीत. शीख माणूस हा शब्द सहज वापरत नाही, तो ठपका असतो.

दोघंही त्याच ज्योतींकडे बघत होते. एकाला तिथं स्वतःचं देवघर दिसलं, दुसऱ्याला आपल्या घरात घुसलेलं परकं सामान. ताट फिरवणाऱ्या सिंघांना या दोन्ही गोष्टींचा पत्ता नव्हता. पुढं त्यांनी शस्त्रं एकेक करून उचलली, नाव घेऊन संगतीला दाखवली, आणि त्या लखलखाटात काकांचा आणि त्या मुलाचा, दोघांचाही चेहरा एकसारखाच झाला. पण मला ती दोन वाक्यं काही सोडेनात. रात्री अंथरुणावर पडल्यावरही त्यांच्यावरच विचार चालू होता, कारण दोन्ही वाक्यं मी लहानपणापासून वेगवेगळ्या तोंडांतून ऐकत आलेय.

नांदेडात वाढलेल्या पोरांना गुरुद्वारा "बघायला" जायचा नसतो. तो असतोच, जशी गोदावरी असते. पाहुणे आले की त्यांना न्यायचं, दसऱ्याला हल्ला बघायला गच्चीवर जागा धरायची आणि तलवारी उपसून "बोले सो निहाल" म्हणत धावणारी माणसं कोपऱ्यावरून वळली की आपलं काळीज उगीच धडधडू द्यायचं. निशाण साहिबामागून, म्हणजे गुरुद्वाऱ्याच्या ध्वजामागून, येणारे ते सजवलेले घोडे, गुरूंच्या घोड्याच्या वंशातले, ज्यांच्यावर कुणी बसत नाही, त्यांचा आम्हाला फार रुबाब वाटायचा. त्याच दिवसांत तिथं बोकडाचा झटका होतो आणि शस्त्रांना टिळा लागतो. आमच्या आजीचं कुलदैवत तुळजापूरची भवानी, त्यामुळं तिला त्यात नवल असं काही नव्हतंच. आई मात्र त्या दिवशी खिडकी लावून घ्यायची आणि विषय बदलायची. एकाच घरात दोन मतं होती, पण आजी किंवा आई यांपैकी कुणीही "हे त्यांच्या धर्मात बसतं का" असं विचारल्याचं मला आठवत नाही. तो प्रश्न बाहेरून आलेल्यांचा.

माझ्या वर्गात एक मैत्रीण होती, हजुरी घराण्यातली. निजामाच्या दिवाण चंदूलाल यांच्या काळात उत्तरेतून शिपाईगिरीला दख्खनेत आलेली जी शीख कुटुंबं इकडंच राहिली, त्यातलं त्यांचं एक. घरात बोलणं दखनी, शाळेत मराठी, अरदास पंजाबीत, आणि त्यांच्याकडचा ठेचा आमच्यापेक्षा जहाल. तिची एक कायमची चिडचीड असायची. अमृतसरकडचे नातलग आले की तिला पंजाबी नीट येत नाही म्हणून हसायचे, आणि वर्गातल्या मुली तिला "तुम्ही पंजाबी ना?" म्हणायच्या. ती म्हणायची, "अगं, आमचे पणजोबासुद्धा इथंच गेले, अजून किती दिवस राहिलं की इथलं होतं?" तिच्या भावाचा दसऱ्याला निळा बाणा आणि एरवी क्रिकेटची टोपी, हे आम्हाला एकाच माणसाचे दोन अवतार वाटायचे. आज विचार केला तर वाटतं, दोन्ही बाजूंचे लोक तिला तपासत होते आणि ती बिचारी गणिताचा गृहपाठ करत होती.

एकदा वडिलांनी आम्हा भावंडांना अगदी अपरात्री उठवून नेलं होतं, गागर बघायला. गागरिया सिंघ रोज पहाटेच्याही आधी गोदावरीवर जातो आणि चांदीच्या गागरीत पाणी भरून आणतो. त्या पाण्यानं तख्ताचं, म्हणजे या गुरुद्वाऱ्यातल्या मुख्य पीठाचं, स्नान होतं. झोपलेलं शहर, कुत्र्यांचं भुंकणं, आणि कुणीतरी पुढं चालत रस्ता मोकळा करतंय. मी अर्धवट झोपेत होते, पण गागरीवरून निथळणारं पाणी रस्त्यावर ठिपके पाडत गेलं ते मला लख्ख आठवतं. वडील हात जोडून उभे होते. आमच्याकडं पंढरपूरहून आणलेलं चंद्रभागेचं पाणी तांब्याच्या गडूत असायचं, त्यामुळं नदीचं पाणी देवाला लागतं यात आम्हाला समजावून सांगण्यासारखं काही नव्हतं.

पुढं कॉलेजात असताना गुरू ग्रंथ साहिबातली नामदेवांची पदं वाचनात आली. एकसष्ट पदं आहेत. पंजाबातले नामदेव आपल्या गाथेतल्या नामदेवांहून वेगळे, असा वाद अभ्यासक घालतात, तो त्यांनी खुशाल घालावा. मला पहिल्यांदा सापडलं ते हे पद: "आनीले कुंभ भराईले ऊदक ठाकुर कउ इसनानु करउ, बइआलीस लख जी जल महि होते बीठलु भैला काइ करउ." घागर आणली, पाणी भरलं, देवाला अंघोळ घालायला निघालो, पण त्या पाण्यात बेचाळीस लाख जीव आधीच आहेत, म्हणजे विठ्ठल त्यात आहेच, मग अंघोळ कुणाला घालू? पुढं फुलांची माळ येते, तर तिचा वास भुंग्यानं आधीच घेतलाय. दुधाची खीर येते, तर ते दूध वासरानं आधीच उष्टावलंय. पूजेचं एकेक साहित्य नामदेव हातात घेतात आणि एकेक खाली ठेवतात. शेवटी उरतं ते "ईभै बीठलु ऊभै बीठलु, बीठल बिनु संसारु नही."

आणि जिथं हे पद ग्रंथात विराजमान आहे, त्याच जागी रोज गोदावरीची गागर येते.

आरतीचंही तसंच. आरतीला पहिलं जे म्हटलं जातं ते गुरू नानकांचं, "गगन मै थालु रवि चंदु दीपक बने." आकाश हेच ताट, सूर्यचंद्र हेच दिवे, तारे म्हणजे मोती, मलयगिरीचा वारा हा धूप. सरळ अर्थ असा की बाबांनो, आरती अखंड चालूच आहे, तुमच्या निरांजनाची गरज कुणाला? परंपरा सांगते की जगन्नाथपुरीला देवळातली आरती पाहून नानक हे म्हणाले. त्यानंतर रविदासांचं पद येतं, देवा तुझं नाव हीच आरती. मग सैन न्हावी, ज्याला वारकरी आपला सेना न्हावी मानतात. चर्मकार, न्हावी, विणकर, जाट शेतकरी असे सगळे एका मागोमाग एक येतात, त्यातले बहुतेक बाहेरच्या दिव्याची गरज नाही असंच सुचवतात, आणि नांदेडला त्यांच्या शब्दांच्या तालावर तुपाचे दिवे फिरतात. काकांनी दिवे पाहिले, निळ्या पगडीच्या मुलानंही दिवेच पाहिले. शब्दांकडं त्या घटकेला लक्ष कुणाचं होतं? मला यात विसंगती दिसते, पण ढोंग दिसत नाही. आपण तरी काय करतो? देव सगळीकडं आहे असे अभंग गात गात पंधरा-वीस दिवस चालतो आणि पंढरपुरात पोचल्यावर त्या एका विटेवरच्या पायांसाठी रात्रभर बारीत उभे राहतो. माणसाला सगळीकडं असलेला देव पुरत नसावा, त्याला हात लावायला काहीतरी लागतं.

नांदेडची रीत अशी का उरली याला एक साधं कारण आहे आणि ते श्रद्धेचं कमी, नकाशाचं जास्त आहे. गुरू गोबिंदसिंग बहादुरशहाच्या दख्खन मोहिमेबरोबर इकडं आले, १७०८ साली इथंच त्यांचा शेवट झाला. तख्ताची आजची इमारत १८३० च्या दशकातली. पैसा लाहोरच्या रणजितसिंगांचा, मुलूख निजामाचा, आजूबाजूची रयत मराठी. पंजाबात पुढं जे झालं ते इथं पोचलंच नाही. तिकडं १८७३ पासून सिंघ सभा ही शिखांची सुधारणा चळवळ उभी राहिली, आर्य समाजाशी वाद पेटले, १८९८ साली भाई काहनसिंग नाभा यांनी "हम हिंदू नहीं" नावाचं पुस्तकच लिहिलं. १९०५ साली हरिमंदिर साहिबाच्या, म्हणजे अमृतसरच्या सुवर्णमंदिराच्या, आवारातून मूर्ती बाहेर गेल्या. महंतांच्या ताब्यातले गुरुद्वारे सोडवताना १९२१ साली ननकाना साहिबला, नानकांच्या जन्मगावी, रक्ताचे पाट वाहिले, आणि १९२५ चा गुरुद्वारा कायदा झाला तो पंजाबपुरता. नांदेड निजामाच्या राज्यात होतं. सुधारणेची लाट हद्दीपाशी थांबली आणि जुन्या रीती इकडं तशाच राहिल्या. नंतर १९५६ साली नांदेडसाठी स्वतंत्र कायदा झाला, तोही हैदराबाद राज्याचा. गुरू ग्रंथ साहिबाशेजारी गुरू गोबिंदसिंगांच्या नावानं ओळखला जाणारा दसम ग्रंथ उघडून मांडणं, शस्त्रांना चंदन, आजन्म ब्रह्मचारी जथेदार म्हणजे तख्ताचे प्रमुख, गुरूंच्या अंत्यसंस्काराच्या जागी असलेल्या अंगीठा साहिबात ठरावीक सेवेकऱ्यांखेरीज कुणालाही प्रवेश नसणं, हे सगळं पंजाबातून येणाऱ्या तरुण पोरांना बुचकळ्यात टाकतं. त्यांच्या गावच्या गुरुद्वाऱ्यात यातलं काही नसतं.

म्हणून त्या मुलाला कोरडा म्हणणं मला जमत नाही. नांदेडच्या माणसाला स्वाभाविकपणे आपल्या रीतीचा जिव्हाळा असतो, मलाही आहे. गागर बंद करा असं उद्या कुणी म्हणालं तर मला वाईट वाटेल. पण त्या "मनमत"मागं नुसता सोवळेपणा नाही. १२ ऑक्टोबर १९२० ला अमृतसरला काय घडलं ते आठवावं. दलित जातींतून नव्यानं अमृत घेतलेले, म्हणजे दीक्षा घेतलेले, शीख कडाह प्रसाद (शिऱ्याचा प्रसाद) घेऊन हरिमंदिर साहिबात गेले आणि पुजाऱ्यांनी तो स्वीकारायला नकार दिला. वाद झाला, शेवटी ग्रंथाचाच कौल घ्यायचं ठरलं. पान उघडलं तर गुरू अमरदासांचं वचन निघालं, गुणहीनांनाही तो आपणहून पदरात घेतो. पुजाऱ्यांना प्रसाद घ्यावा लागला, आणि गुरुद्वारे महंतांकडून सोडवणाऱ्या अकाली चळवळीची ठिणगी तिथून पडली. म्हणजे ताट-टिळा-पुजारी ही मंडळी ज्यांच्या आठवणीत प्रसाद नाकारणारे हात म्हणून येतात, त्यांना आरतीच्या ताटाकडं बघून घरच्यासारखं कसं वाटावं? जात तिथूनही गेली नाही हे खरं, पंजाबात आजही गावोगाव वेगवेगळ्या जातींचे वेगळे गुरुद्वारे आहेत. बाबासाहेब १९३६ च्या एप्रिलमध्ये अमृतसरच्या शीख परिषदेला गेले होते, धर्मांतराचा एक रस्ता म्हणून त्यांनी शीख धर्माचा विचार केला होता आणि तो रस्ता शेवटी घेतला नाही. त्या काळाची खूण म्हणून मुंबईत माटुंग्याला १९३७ चं खालसा कॉलेज उभं आहे.

काकांच्या वाक्यात द्वेषाचा लवलेशही नव्हता, हेच त्यातलं अवघड. ते प्रेमानं म्हणाले होते. पण हे प्रेम समोरच्याला फार जड होतं. राज्यघटनेच्या २५ व्या कलमाच्या खुलाशात हिंदू या शब्दात शीख, जैन, बौद्ध येतात, लग्नाचा १९५५ चा कायदाही तसाच. शिखांच्या लग्नासाठी १९०९ चा आनंद विवाह कायदा असूनही त्याखाली लग्नाची नोंद करायची सोय २०१२ च्या दुरुस्तीनं झाली. आणि १९८४ साली दिल्लीत रस्त्यावर पगड्या शोधल्या गेल्या तेव्हा "सगळे आपलेच" म्हणणारे किती जण आडवे आले, हाही हिशेब त्या घरांमध्ये असतो. ज्याला संकटात परका धरलं, त्याला सणासुदीला घरचा म्हटलं तर तो बिचकणारच.

शिवाय आपण निवडून निवडून ऐकतो. बीठल आला की काका डोलतात. त्याच नामदेवांचं, त्याच ग्रंथातलं, "हिंदू अंन्हा तुरकू काणा" हे पद आलं की घसा खाकरतात. हिंदू आंधळा, मुसलमान एका डोळ्यानं अधू, दोघांपेक्षा जाणता शहाणा, एक देऊळ पुजतो, एक मशीद, नाम्यानं त्याची सेवा केली जो दोन्हीकडं नाही. याच ग्रंथात शेख फरीद आहेत, पाकपट्टणचे सूफी, त्यांचे श्लोक नामदेवांइतक्याच मानानं वाचले जातात. नानकांसोबत आयुष्यभर रबाब वाजवत फिरला तो मरदाना मुसलमान. फाळणीपर्यंत अमृतसरला मुसलमान रबाबी कीर्तन करत. यातलं कुठलं "आपलं" म्हणायचं आणि कुठलं गाळायचं?

दुसऱ्या दिवशी आम्ही औंढ्याला गेलो. नागनाथाच्या देवळात नंदी मागच्या बाजूला आहे. काकांनी सवयीनं मला गोष्ट सांगितली: नामदेवांना देवळासमोर कीर्तन करू दिलं नाही, ते मागं जाऊन गायला लागले आणि देऊळच त्यांच्याकडं फिरलं. गोष्ट सांगताना काकांच्या चेहऱ्यावर देऊळ फिरल्याचा आनंद होता. मी फोनवर ग्रंथातलं पद काढून त्यांना वाचून दाखवलं, कारण तिथं तीच गोष्ट नामदेव स्वतःच्या तोंडानं सांगतात: "हसत खेलत तेरे देहुरे आइआ, भगति करत नामा पकरि उठाइआ. हीनड़ी जाति मेरी जादिम राइआ, छीपे के जनमि काहे कउ आइआ." हसत खेळत तुझ्या देवळात आलो, भजन करताना नाम्याला धरून उठवलं. माझी जात हीन रे यादवराया, शिंप्याच्या जन्माला का आलो? मग कांबळं उचलून तो मागं जाऊन बसतो. काका ऐकून घेत राहिले. देऊळ फिरण्याचा चमत्कार त्यांना पाठ होता, कांबळं उचलण्याची ओळ नव्हती. दगडाच्या पायऱ्या उन्हानं भाजत होत्या, बाजूला एक बाई बेलाची पानं मोजून देत होती. "उठवणारे कोण होते पण?" मी विचारलं. काका म्हणाले, "पुजारी. दुसरं कोण." आणि चपला शोधायला लागले. ज्या माणसाला इथून उठवलं, त्याची वाणी ग्रंथात रुमाल्याखाली झाकतात, तिच्यावर चवरी ढाळतात, तिच्यापुढं राजा-रंक डोकं टेकतात. तो आपलाच, हे सांगायला जाताना आधी त्याला उठवल्याचं सांगावं लागेल, असं मला वाटतं. काकांना वाटत नाही. ते म्हणतात, देव फिरला ना, विषय संपला.

लंगरातली गोष्ट मात्र त्या आधीची, आरतीच्या रात्रीची. पंगतीत बसलो तर समोर तोच निळ्या पगडीचा मुलगा. स्टीलच्या ताटात घट्ट डाळ, दोन्ही हात ओंजळीसारखे पुढं करून घ्यायची पोळी, बादल्यांचा खडखडाट. काकांना अनोळखी माणसाशी बोलल्याशिवाय घास उतरत नाही. मोडक्या हिंदीत त्यांनी विसोबा खेचरांची गोष्ट काढली: विसोबा औंढ्याला पिंडीवर पाय ठेवून झोपलेले, नामदेव रागावले, विसोबा म्हणाले जिथं देव नाही तिथं माझे पाय उचलून ठेव, आणि पाय नेतील तिथं पिंड. मुलगा जेवायचा थांबला. "ये तो बाबा नानक दी मक्के वाली साखी है जी," म्हणाला. नानक मक्केत काब्याकडं पाय करून झोपले, काजी चिडला, पाय फिरवले तिकडं काबा फिरला. काका हरखलेच. "एकच गोष्ट! बघ, मी म्हणत नव्हतो?"

मुलानं पाणी प्यायलं आणि अगदी अदबीनं विचारलं, "एक है जी. पर आपको ये क्यों लगता है कि हमने आपसे ली?"

काका हसले, मग थोडे गप्प झाले, मग डाळ मागितली. वाढणाऱ्यानं ती इतकी वाढली की ताटाबाहेर आली. मुलगा विचारत होता, बाबा नामदेवांचं गाव इथून किती लांब. काकांनी नरसीचा रस्ता सांगायला सुरुवात केली, वसमतवरून जा, औंढ्याला उतर, देऊळ बघ, नंदी मागं का आहे ते कुणालाही विचार. मग तिथून पंढरपूरही कसं गाठता येईल, आषाढी टाळून ये म्हणजे दर्शन नीट होईल, मी स्वतः नेईन, असा सगळा बेत त्यांनी मांडला. मुलगा म्हणाला, पंढरपूर येऊ जी, पण आधी तुम्ही घुमानला या, बाबाजी आमच्याकडं इतकी वर्षं राहिले, तुमच्यापैकी कितीजण आले बघायला? मी म्हणाले, २०१५ साली साहित्य संमेलन तिथंच झालं होतं. "एक वारी?" तो म्हणाला. काका हिवाळ्यात पंजाबात किती थंडी असते ते विचारू लागले.